गाडी खाली घेतली, आता मागचा टायर घासतोय

गाडी ‘खाली घेणं’ म्हणजे आखूड स्प्रिंगा वगैरे टाकून तिची उंची कमी करणं. त्यानंतर पुढचं चाक घासत असेल तर स्टीअरिंग पूर्ण वळवलं की जागच्या जागी कळतं. मागचं चाक वळत नाही, फक्त वरखाली होतं. म्हणून गाडी पार्किंगमध्ये उभी असताना टायर आणि पत्रा यांच्यात बोटभर फट छान दिसते आणि एकट्याने चालवताना कित्येक दिवस हूं की चूं होत नाही. मग एखाद्या रविवारी मागे तिघं बसतात, डिकीत बॅगा जातात, आणि सोसायटीच्या गेटबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून ‘खर्र’ असा आवाज येतो. घाटात तर प्रत्येक वळणाला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

असा आवाज आला की बहुतेक जण सरळ डेंटरकडे जातात आणि चाकावरच्या पत्र्याची कड ठोकून घेतात. कधी कधी तेवढ्याने भागतंही. पण पुष्कळदा टायर भलतीकडेच लागत असतो, पत्रा फुकट जातो आणि आवाज तसाच राहतो. मागच्या चाकाचं घासणं हा मिलिमीटरांचा मामला आहे. कुठे लागतंय, कधी लागतंय आणि किती मिलिमीटर कमी पडतायत, ही तीन उत्तरं हातात आल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो घेऊ. ही गाडी २०१० ते २०२२ या काळात पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात बनून भारतात विकली गेली, आणि खाली घेतलेल्या गाड्या जिथे जमतात तिथे आजही ती हमखास दिसते. तिचं मागचं सस्पेन्शन साधं आहे. दोन चाकांना जोडणारा, पिळला जाणारा एक पोलादी बीम, दोन स्प्रिंगा आणि स्प्रिंगांपासून वेगळे बसवलेले दोन शॉकअप. स्विफ्ट, आय२०, सिटी यांचीही मागची रचना थोड्याफार फरकाने अशीच, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

खाली घेतल्याने नेमकं काय बदलतं

कंपनी गाडी बनवते तेव्हा मागचं चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं, हे ठरलेलं असतं. ते ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमसारखा जाड ठोकळा. गॅरेजात त्याला सरसकट ‘स्टॉपर’ म्हणतात. सस्पेन्शन पूर्ण दबलं की शॉकअपचं अंग या ठोकळ्यावर येऊन आदळतं, ठोकळा दबतो आणि चाक तिथेच थांबतं. त्या सगळ्यात वरच्या जागीही मूळ मापाचा टायर कुठे लागणार नाही, एवढी जागा कंपनीने पत्र्यात ठेवलेली असते.

आता नीट लक्ष द्या. तुम्ही फक्त स्प्रिंगा बदलून गाडी ३५ मिमी खाली घेतली आणि स्टॉपर होता तसाच ठेवला, तर चाकाची सर्वात वरची जागा बदलत नाही. ती स्टॉपर ठरवतो, स्प्रिंग नव्हे. फरक एवढाच की आधी चाक तिथवर क्वचित पोहोचायचं, आता रोज पोहोचतं. म्हणजे मूळ चाकं आणि मूळ टायर असतील तर नुसती खाली घेतलेली गाडी सहसा घासू नये. घासत असेल तर तीनपैकी काहीतरी झालेलं असतं. चाक बाहेर आलंय, टायर मोठा झालाय, किंवा कुणीतरी स्टॉपर कापलाय. शॉकअपची लांबी कमी असलेला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) बसवला असेल तर हा तिसरा मुद्दा नकळत घडून जातो, कारण आखूड शॉकअप चाकाला मूळच्यापेक्षा वर जाऊ देऊ शकतो.

वजनाचाही हिशेब करून पाहा. मागे तीन माणसं आणि सामान मिळून प्रत्येक मागच्या चाकावर समजा १२० किलो जादा आले. चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २ किलो असेल, तर गाडी मागून ६० मिमी खाली बसते. ३ किलो असेल तर ४० मिमी. आधी स्टॉपरला टेकायला ७० मिमी शिल्लक होते आणि तुम्ही ३५ मिमी खर्चून टाकले असतील, तर कडक स्प्रिंग असूनही गाडी उभ्या उभ्याच स्टॉपरवर बसलेली असते. त्यात स्पीडब्रेकर आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोल पाठीचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीत रातोरात उगवलेल्या उंचवट्याला असलं काही माहीत नसतं. तो तेवढाच उंच, पण रुंदीला हातभर.

चाकाचा हिशेब, कागदावर

अलॉय घेताना दुकानात तीन आकडे सांगतात: व्यास, रुंदी आणि ऑफसेट. व्यासाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, घासायला लावतात बाकीचे दोन.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून, हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा पृष्ठभाग किती बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर. ते मिलिमीटरमध्ये असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेलं सापडतं. आकडा जितका मोठा, तितकं चाक गाडीच्या पोटात. आकडा कमी झाला की चाक तेवढंच बाहेर.

समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४०, त्यावर १८५/६० आर १५ टायर, म्हणजे १८५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १५ इंची. नवीन चाक साडेसात इंच रुंद, ईटी ३५. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिमी. निम्मी आत, निम्मी बाहेर, प्रत्येकी १९. ऑफसेट ५ ने घटला, म्हणजे अख्खं चाक ५ मिमी बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला १९ अधिक ५ असे २४ मिमी वाढले, आतल्या बाजूला १९ उणे ५ असे १४.

इंटरनेटवरचा कुठलाही हिशेबनीस हेच सांगेल. पण ही मापं रिमच्या कडेची झाली, आणि पत्र्याला रिम लागत नाही, टायर लागतो. १८५ चा टायर ६ इंची रिमवर साधारण १९४ मिमी फुगतो, आणि २०५/४० आर १७ साडेसात इंची रिमवर साधारण २१२. म्हणजे टायरचा फुगवटा बाहेर जातो तो १४ मिमीच्या आसपास आणि आत ४ मिमी. २४ मिमीचा आकडा पाहून घाबरलेला माणूस आणि १४ मिमीचा नीट मोजलेला माणूस, दोघांचा खर्च फार वेगळा होतो.

टायरच्या उंचीचंही पाहायला हवं. १८५/६० आर १५ चा व्यास ६०३ मिमी भरतो. २०५/४० आर १७ चा ५९६, म्हणजे थोडा लहानच. २०५/४५ आर १७ चा मात्र ६१६. खड्ड्यात रिम वाचावी म्हणून पुष्कळ जण ४५ चा टायर घेतात आणि आपल्या रस्त्यांवर ते शहाणपणाचंच आहे, कारण टायरची भिंत ८२ वरून ९२ मिमी होते. पण मूळच्या तुलनेत टायरचा माथा साडेसहा मिमी वर गेला, हे विसरायचं नाही. ते साडेसहा मिमी कुठून तरी परत मिळवावे लागतात.

आणखी एक गंमत. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर एकसारखे रुंद नसतात. एकाचा खांदा गोलसर उतरता, दुसऱ्याचा चौकोनी आणि वर रिमला जपण्यासाठी रबराची कड. मित्राच्या गाडीला हेच माप बसलं होतं, हा पुरावा म्हणूनच कच्चा.

कुठे लागतंय ते आधी शोधा

चाक काढा आणि टायर उजेडात फिरवून पाहा. घासलेल्या जागी रबर मळकट काळं न राहता गुळगुळीत आणि थोडं चकचकीत दिसतं, कधी केसाएवढी बारीक रेघ असते. ही रेघ बाहेरच्या खांद्यावर असेल तर पत्र्याची दुमडलेली कड लागतेय. नक्षीच्या मधोमध किंवा एखाद्या खाचेत असेल तर वरचं प्लॅस्टिकचं अस्तर किंवा एखादा स्क्रू. आतल्या भिंतीवर असेल तर स्प्रिंगची बैठक, शॉकअप किंवा आतला पत्रा. आता चाकाच्या कमानीत टॉर्च मारा, जोडीदार खूण तिथे असणारच. कडेवरचा रंग उडालेला, अस्तर घासून पांढुरकं झालेलं, नाहीतर रबराची काळी भुकटी साचलेली.

कमानीच्या मागच्या टोकाला, जिथे बंपरची कड पत्र्याला भिडते, तिथे खास पाहा. बंपरला धरून ठेवणारा स्क्रू आणि त्याची प्लॅस्टिकची जीभ तिथेच असते, आणि कमानीत आत डोकावणारी ती पहिली वस्तू असते. ‘टायर घासतो’ म्हणून आलेल्या गाडीत हा एक स्क्रू नुसता उलट्या दिशेने बसवला, किंवा ती जीभ जरा कोरून घेतली, की काम फत्ते, असं बऱ्याचदा होतं. पाच मिनिटांचं काम, खर्च जवळपास शून्य.

खूण सापडली नाही तर खडू घ्या. कमानीच्या कडेला खालून, अस्तराला आणि आतल्या पत्र्याला भरपूर खडू फासा, मागे माणसं बसवा आणि नेहमीच्या त्रासदायक रस्त्यावरून हळू फिरून या. जिथला खडू पुसला, ती जागा. किती मिमी कमी पडतात ते हवं असेल तर कमानीच्या छताला कणकेचे गोळे चिकटवा. परत आल्यावर गोळा जिथे सर्वात चपटा झालाय तिथे त्याची जाडी मोजा. तेवढीच जागा शिल्लक होती. गाडी उन्हात उभी करू नका एवढंच, कणीक वाळून पडते.

खरी खात्रीची पद्धत मात्र स्प्रिंग काढून करायची. पोलोत स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असल्याने हे तुलनेने सोपं जातं. मागची बाजू बॉडीखाली भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर अजिबात नको. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडा, बीम खाली करून स्प्रिंग बाहेर काढा, शॉकअप स्टॉपरसकट परत जोडा, चाक चढवा. मग बीमखाली जॅक लावून चाक हळूहळू वर न्या. स्प्रिंग नसल्याने ते सहज वर जातं, आणि स्टॉपर टेकला की थांबतं. तिथून तो निम्म्यापर्यंत दबेस्तोवर वर ढकला आणि चाक हाताने फिरवून पाहा. आधी एका बाजूचं, मग दोन्ही बाजू एकदम, कारण एकच चाक वर जातं तेव्हा बीम पिळला जातो आणि टायर जरा वेगळ्या कोनात येतो. रस्त्यावर जे क्षणार्धात घडून जातं ते इथे डोळ्यांसमोर थांबलेलं दिसतं. इथे टायर आणि पत्रा यांच्यात ४-५ मिमी फट राहिली पाहिजे, कारण वळणावर टायरची भिंत आणि बीमची रबरी बुशं दोन्ही बाजूला ढळतात.

एकाच बाजूला घासत असेल तर हबच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक जास्त निघाला तर एक स्प्रिंग नीट बसलेली नाही, एखादं बुश संपलंय, नाहीतर आधीच्या मालकाने गाडी कुठेतरी ठोकून दुरुस्त केली आहे. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा निघतं.

उपाय, स्वस्तापासून सुरुवात

सर्वात सोपा उपाय लोकांना सर्वात जास्त झोंबतो: गाडी ८-१० मिमी वर घ्या. कॉइलओव्हर असेल तर मागच्या स्प्रिंगखालची चकती फिरवून, नाहीतर स्प्रिंगच्या टोकाला जाड रबराची बैठक टाकून. दहा मिमीने दिसण्यात पडणारा फरक फक्त मालकाला कळतो. मात्र आधी सांगितलेलं इथेही लागू आहे. वर घेतल्याने घासण्याची वारंवारता कमी होते, स्टॉपरपाशी जाऊन लागणारं चाक एखाद्या मोठ्या खड्ड्यात तरीही लागेलच.

म्हणून दुसरं पाऊल स्टॉपरचं. तो कापलेला असेल, किंवा कुरतडल्यासारखा चुरा होऊन गळून पडला असेल (जुन्या गाड्यांत हे फार होतं), तर आधी नवा बसवा. तरीही ५-६ मिमी कमी पडत असतील तर स्टॉपरच्या वर तेवढ्या जाडीची चकती घालून चाकाची धाव तेवढी कमी करता येते. त्याची किंमत म्हणजे गाडी स्टॉपरवर लवकर येणार आणि मागच्या सीटवरच्यांना दणका जास्त बसणार. शॉकअप गळका असेल तर तोही आताच बदला. दमलेला शॉकअप उसळी आवरत नाही आणि चाक दर वेळी शेवटपर्यंत जातं.

तिसरं, टायर. २०५ ऐवजी १९५ घेतला तर प्रत्येक बाजूला साधारण ५ मिमी मिळतात, आणि पुष्कळ गाड्यांना एवढेच हवे असतात. पण टायर रिमच्या रुंदीला मान्य असलेला हवा. २०५/४५ आर १७ हा साडेसहा ते साडेसात इंची रिमसाठी आहे. रुंद रिमवर ओढूनताणून अरुंद टायर चढवायची जी फॅशन आहे, ती फोटोपुरती. खड्ड्यात त्या टायरची कड रिमवरून निसटू शकते, आणि आपल्याकडे खड्डा सांगून येत नाही. भार क्रमांकही बघा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. मूळच्यापेक्षा कमी क्रमांक घेऊ नका.

चाकंच अजून घ्यायची असतील तर भाग्यवान आहात. सात इंची रिम आणि ईटी ४० च्या आसपासचा ऑफसेट घेतला तर वर केलेल्या हिशेबातले बरेचसे मिमी मुळात खर्चच होत नाहीत. दुकानदाराकडे तोच डिझाइन ईटी ३५ मध्ये पडून असतो आणि तो ‘चालतं हो’ म्हणतो. चालतं, घासत चालतं.

घासणं आतल्या बाजूला असेल तर उलट उपाय, म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये घालायची ३ किंवा ५ मिमीची चकती, स्पेसर. पोलोच्या हबचा मधला व्यास ५७.१ मिमी आहे, स्पेसर त्यावर घट्ट बसणाराच घ्यावा. सैल स्पेसर ताशी ऐंशीला गाडी थरथरवतो. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये चाक नटाने नव्हे तर बोल्टने बसतं, त्यामुळे स्पेसर जितका जाड तितका बोल्ट लांब लागतो. मागे ड्रम ब्रेक असल्याने जास्त लांब बोल्ट आत जाऊन ब्रेकच्या भागांना टेकू शकतो. बोल्ट कसल्यावर चाक हाताने फिरवा, काही टेकतंय का ऐका, आणि मगच जॅक खाली करा. १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने कसायचे, पायाने नाही.

मल्टी-लिंक किंवा डबल विशबोन मागचं सस्पेन्शन (चाक एका बीमऐवजी वेगवेगळ्या आर्मवर धरलेलं) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ आपल्याकडे २००६ मध्ये आलेली सिव्हिक किंवा स्कोडा लॉरा, एक मार्ग जास्तीचा मिळतो. तिथे चाक वर जाताना त्याचा माथा आपोआप थोडा आत झुकतो, आणि बदलता येणाऱ्या लांबीचे आर्म टाकून तो झुकाव वाढवता येतो. पोलोच्या बीममध्ये अशी सोय नाही. अलाइनमेंटवाला ‘मागचं सेट होत नाही’ म्हणतो ते खरंच आहे. पण स्टब अ‍ॅक्सल (चाकाचा हब धरणारा छोटा दांडा) बीमला चार बोल्टांनी बसतो, त्यामध्ये तिरकी पातळ शिम, म्हणजे पाचरीसारखी पट्टी, घालता येते. एका अंशाच्या शिमने टायरचा माथा साधारण ५ मिमी आत जातो. काम बारकाईचं आहे. शिम उलटी बसली तर चाकाची दिशाच बिघडते आणि नवे टायर बघता बघता दातऱ्यासारखे खाल्ले जातात. म्हणून त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट करून कागद हातात घ्या. दीड-दोन अंशांच्या पुढे जाऊन चाकं तिरपी करून फिरणारे असतात. त्यांच्या टायरची आतली कड गोटा होते आणि बाहेरची नवी कोरी राहते.

पत्रा वाकवायचाच असेल तर

हे सगळं करून ४-५ मिमी अजूनही कमी पडतात आणि लागणारी जागा कमानीची कडच आहे, हे खडूने सिद्ध झालं, तर मग कड दुमडायला हरकत नाही. पण मागचा पत्रा म्हणजे पुढच्यासारखा बोल्टने सुटणारा मडगार्ड नव्हे. तो बॉडीचा वेल्ड केलेला भाग आहे. बाहेरचा पत्रा आणि आतल्या कमानीचा पत्रा हे दोन्ही त्या कडेवरच एकमेकांना भिडतात, तिथे ठिकठिकाणी स्पॉट वेल्ड असतात आणि त्यावरून सीलंटची रेघ फिरवलेली असते. ही कड ग्राइंडरने कापून टाकली की वेल्ड कापले जातात, दोन पत्र्यांचं तोंड उघडं पडतं आणि पावसाचं पाणी थेट आत. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर एका पावसाळ्यात गंज फुगून बाहेर दिसू लागतो. कापणं माझ्या यादीतच नाही.

दुमडण्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. चाक काढून ते हबला बोल्टने बसवतात. त्याला लांबी बदलता येणारा दांडा आणि टोकाला कडक रबरासारखा रोलर असतो. आधी हीट गनने कडेचा रंग गरम करायचा, हात ठेवला तर लगेच मागे घ्यावासा वाटेल इतपत. त्यापुढे नको, रंगाला फोड येतात. मग रोलर कडेला हलकेच टेकवून कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्क्रू अर्धा आटा पुढे, परत गरम, परत फेऱ्या. सुरुवातीला कड काटकोनात आत आलेली असते, ती हळूहळू वर कलत जाऊन आतल्या पत्र्याला लागून बसते. साधारण सेंटिमीटरभर जागा अशी मिळते. मागची कड दुहेरी पत्र्याची असल्याने जड जाते आणि तिथेच कारागिराचा धीर सुटतो. एकदम जोर दिला तर कड आत जाण्याऐवजी बाहेरचा पत्राच लाटेसारखा फुगतो, आणि ती लाट तिरक्या उजेडात आयुष्यभर दिसत राहते.

काम देण्याआधी एक छोटी चाचणी करा. कमानीवर सगळीकडे चुंबक फिरवून पाहा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे, म्हणजे आधी काम झालेलं आहे. पुट्टी वाकत नाही, तडकते. अशा गाडीला रंगाचा खर्च धरूनच पुढे जायचं.

रोलर नसलेल्या गॅरेजात टायर आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडी दांडका घालून गाडी पुढेमागे ढकलण्याची पद्धत आहे. जमलेल्या हातांनी ती जमतेही, पण दाब कुठे किती पडतोय यावर ताबा नसतो. नवीन गाडीवर मी ते करू देणार नाही. दुमडून झाल्यावर सीलंट तडकलेलं असणारच. ते खरवडून पॉलियुरेथेन सीलंट नव्याने भरायचं, उघड्या पत्र्यावर झिंक प्रायमर, वरून अंडरबॉडी कोटिंग. हे त्याच दिवशी, ‘पुढच्या आठवड्यात या’ नको.

जुगाड, ज्यांच्या वाटेला जाऊ नये

स्प्रिंग कापणं हा सगळ्यात जुना. पोलोसारख्या गाडीत कापलेली स्प्रिंग बैठकीवर नीट टेकत नाही, आणि चाक हवेत लोंबलं की सैल होऊन जागेवरून हलते, क्वचित बाहेरही पडते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट, तिचं पाणीच उतरलेलं असतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर बाजारात मिळतात. त्याने मागची बाजू उचलली जाते हे खरं, पण मधली वेटोळी जाम झाल्यावर सगळा ताण उरलेल्यांवर येतो. सामान घेऊन एका प्रवासाला ठीक, कायमचं नको.

आणि टायरमध्ये हवा वाढवून घासणं थांबत नसतं, फक्त कणा हादरतो.

टायर आधीच घासून कापला गेला असेल तर तो काढून टाका. बाजूच्या भिंतीत आतले धागे दिसत असतील तर त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, आणि तो टायर स्टेपनीत ठेवण्याच्याही लायकीचा नसतो. अशा टायरने द्रुतगती मार्गावर जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

कायद्याचंही माहीत असलेलं बरं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. चाकं पत्र्याच्या बाहेर डोकावणारी गाडी पोलिसांच्या नजरेत सहज भरते. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो.

सगळं करून गाडी शांत झाली तरी महिनाभराने एकदा पुन्हा मोजा. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, आणि हिशेबातली ४-५ मिमीची फट त्यातच गेलेली असू शकते. हबच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर पहिल्या दिवशी कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल तर हे दोन मिनिटांत कळतं. शिवाय चाकाचे बोल्ट पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर परत कसून घ्या, विशेषतः स्पेसर टाकला असेल तर.